कॅमेऱ्यासोबत वहीही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्यांची बैठक झाली. प्रत्येक दुकानदाराने आपला किमान एक सीसीटीव्ही कॅमेरा रस्त्याकडे वळवावा, सगळे कॅमेरे इंटरनेटने एकमेकांना जोडावेत आणि त्यांवरचे चित्र व्यापाऱ्यांच्या समितीच्या अकरा सदस्यांना आपापल्या मोबाइलवर चोवीस तास पाहता यावे, असा प्रस्ताव तीत मांडला गेला. बाजारात लागोपाठ झालेल्या चोऱ्या पाहता त्यामागचा हेतू चांगला आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीही मी त्यावर सही केली नाही आणि पुढच्या बैठकीपर्यंत मुदत मागून घेतली. ‘तुमच्याच कॅमेऱ्यामुळे चोर सापडला होता, मग आता तुम्हीच का मागे सरता?’ असे एका ज्येष्ठ व्यापारी बंधूंनी मला विचारले. चारचौघांत उत्तर देण्याचे धैर्य मला झाले नाही, कारण त्या उत्तरात माझ्या दुकानात घडलेली एक चूक सांगावी लागणार होती. असेच प्रस्ताव आज बेळगावच्या उपनगरांत, खानापूर-निपाणीच्या बाजारांत आणि गावोगावच्या मंडळांत येत आहेत, म्हणून ते उत्तर आपल्या दैनिकातून द्यावे असे वाटले.

आधी चोर सापडल्याची हकीकत सांगतो, कारण तीही तितकीच खरी आहे. माझे बेळगावच्या शहापुरात साड्यांचे दुकान आहे. दुकानाला दोन कॅमेरे आहेत. एक गल्ल्यावर आणि दुसरा दाराबाहेर. बाहेरच्या कॅमेऱ्यात समोरचा रस्ता, रसाचे दुकान आणि रिक्षाथांबा दिसतो. काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका शुक्रवारी भरदुपारी, देवळातून परतणाऱ्या सत्तरीच्या एका आजींचे मंगळसूत्र दुचाकीवरून आलेल्या दोघांनी हिसकावले. आजी आमच्या पायरीवर येऊन बसल्या. मानेवर लाल वळ उठला होता आणि मुठीत चार काळे मणी त्यांनी घट्ट धरून ठेवले होते. त्या संध्याकाळी एक हवालदार माझ्या गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून दोन तास चित्रीकरण मागे-पुढे करत होते. आमच्या यंत्राचे घड्याळ अकरा मिनिटे पुढे असल्याचे लक्षात येईपर्यंत आम्ही भलतीच मिनिटे तपासत राहिलो. शेवटी दुचाकी दिसली, पण तिचा क्रमांक अर्धाच वाचता आला. उरलेले आकडे पुढच्या चौकातील दुसऱ्या दुकानाच्या कॅमेऱ्यात मिळाले. नवव्या दिवशी मंगळसूत्र सापडले.

सीमेवरच्या शहरात या वेगाला फार मोल आहे. बेळगावातून निघालेली दुचाकी अर्ध्या-पाऊण तासात शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्रात पोचते. महामार्गाने कोगनोळी नाका ओलांडला की कागल आणि कोल्हापूर. पलीकडे पोलीस दल वेगळे, दफ्तर वेगळे आणि कागदपत्रांची भाषाही वेगळी, त्यामुळे पहिल्या काही तासांत हाती लागलेले चित्र पुढच्या कित्येक आठवड्यांच्या पत्रव्यवहारापेक्षा उपयोगी पडते. गणेश विसर्जनाच्या किंवा शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री ज्याने लहान मूल गर्दीत हरवलेले पाहिले आहे, तो कॅमेरे नकोत असे म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

आता चूक. चोर सापडल्यापासून आमच्या कॅमेऱ्यात सगळे स्वच्छ दिसते, हे बाजारभर झाले होते. सहा-सात महिन्यांनी, मी दुपारी घरी जेवायला गेलो असताना, आमचे एक नेहमीचे गिऱ्हाईक दुकानात आले आणि ‘मंगळवारचे, संध्याकाळी साडेपाचचे जरा दाखव’ असे त्यांनी काउंटरवरच्या मुलाला सांगितले. मुलगा कामाला नवा होता, गृहस्थ ओळखीचे होते आणि त्यांच्या बोलण्यात अधिकार होता. त्याने दाखवले. समोरच्या रसाच्या दुकानापाशी त्यांची पुतणी एका मुलाशी बोलत उभी होती. चार मिनिटांचे चित्र होते. त्यांनी पडद्याचा मोबाइलने फोटो काढला आणि मी परत येण्याआधी ते निघून गेले. रात्रीपर्यंत तो फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि दुसऱ्या दिवशी बाजारातल्या ग्रुपवर फिरत होता. खाली तारीख आणि वेळेचे आकडे आमच्या यंत्राचे होते.

मुलीचे कॉलेज बंद झाले. ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि त्या वर्षीच्या परीक्षेला तिला बसू दिले नाही, हे मला पुढे तिच्या आईकडून कळले. तो मुलगा तिचा कोण, हे मी विचारलेले नाही आणि कोणी विचारूही नये. सज्ञान मुलीने भररस्त्यात उभे राहून कोणाशी बोलावे, हा माझ्या दुकानाचा विषय नव्हता. आई दुकानात आली तेव्हा साड्यांच्या गादीवर बसली नाही, दाराशीच उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही. ‘तुमच्या दारावरून रोज जायची ती. तुम्हाला काका म्हणायची,’ एवढे म्हणून ती निघून गेली. ते शब्द मला आजही टोचतात.

कोण कोणासोबत दिसले, ही माहिती आपल्या भागात किती जड असते, हे सांगायला लांब जावे लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातीलच एका गावात, मुलगा एका मुलीसोबत निघून गेला म्हणून त्याच्या आईची विटंबना करण्यात आली, तिला खांबाला बांधण्यात आले आणि उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. तिथे कॅमेऱ्याचा काही संबंध नव्हता. पण ज्या समाजात अशा माहितीवरून असे घडू शकते, तिथे एका बाजारातील सगळ्यांच्या येण्या-जाण्याचे चित्र अकरा मोबाइलांमध्ये मोकळे ठेवणे म्हणजे काय, याचा विचार प्रस्ताव लिहिताना कोणी केलेला नाही. अकरा सदस्य सज्जन असतील. पण त्यांचे मोबाइल त्यांच्या घरातील मुले, भाऊ, पाहुणे हाताळणारच, आणि माझ्याकडे आलेले गृहस्थही सज्जन म्हणूनच ओळखले जात होते.

‘रस्त्यावर कसला आलाय खासगीपणा? ज्याला लपवायचे नाही त्याने घाबरावे कशाला?’ हा प्रश्न बैठकीत दोघा-तिघांनी विचारला आणि तो प्रामाणिक होता. याचे उत्तर आपल्या न्यायालयांनी साठ वर्षांत, अडखळत अडखळत दिले आहे. १९६२ च्या खडकसिंग प्रकरणात, संशयिताच्या घरी रात्री-अपरात्री जाऊन दार ठोठावण्याचा पोलिसांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, पण बाकीची पाळत चालू राहू दिली. त्या वेळी न्या. सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदवले होते. पोलिसांची नजर सतत पाठीवर असेल, तर रस्त्याने चालणाऱ्याचे चालणे मोकळे कसे म्हणायचे, असा त्यांच्या मताचा आशय होता. ते मत अल्पमतात राहिले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, तेव्हा सुब्बा रावांच्या बाजूवर शिक्कामोर्तब झाले. ज्यांच्या नावाने हा निकाल ओळखला जातो, ते न्या. के. एस. पुट्टस्वामी आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती होते. २०१२ साली आधारविरुद्ध त्यांनी याचिका दाखल केली, तेव्हा त्यांचे वय ८६ होते. स्वतःसाठी त्यांना त्या वयात काय मिळवायचे होते? ऑक्टोबर २०२४ मध्ये ते वारले, तेव्हा आपल्याकडे त्यांची फारशी आठवण काढली गेली नाही, याचे मला वाईट वाटते.

या निकालाने सरकारला पाळत ठेवण्याची सरसकट मनाई केलेली नाही. त्यासाठी कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि जेवढ्यास तेवढेच उल्लंघन व्हावे, एवढ्या अटी घातल्या आहेत. यातली शेवटची अट कापड दुकानदाराला समजावून सांगावी लागत नाही. ब्लाउजपीसला जेवढे लागते तेवढेच आपण कापतो, अख्खे ठाण फाडत नाही. मंगळसूत्र चोराच्या तपासाला शुक्रवार दुपारची वीस मिनिटे लागली होती. बाकीच्या सहा दिवसांत माझ्या दारावरून गेलेल्या हजारो माणसांशी त्या तपासाचा काही संबंध नव्हता, आणि तरी तेही चित्र माझ्या यंत्रात पडून होते.

याहून मोठा प्रश्न रस्त्यावरच्या सरकारी कॅमेऱ्यांचा आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावची निवड झाली आणि त्यानंतर शहरातील कॅमेरे एका नियंत्रण केंद्राशी जोडले गेले. गर्दीच्या आस्थापनांना कॅमेरे सक्तीचे करणारा सार्वजनिक सुरक्षेचा कायदा कर्नाटकाने २०१७ मध्येच केला. इथपर्यंत माझी तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती कॅमेऱ्याला चेहरा ओळखायला शिकवले जाते तिथून. साधा कॅमेरा काय घडले ते सांगतो, आणि घडल्यावर माणूस ते बघतो. चेहरा ओळखणारी प्रणाली मात्र काहीही घडलेले नसताना येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एखाद्या यादीशी ताडून पाहते, म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक जण तेवढ्यापुरता संशयित होतो. तिच्या अचूकतेबद्दल सांगायचे, तर २०१८ मध्ये हरवलेल्या मुलांच्या प्रकरणात दिल्ली पोलिसांच्या प्रणालीचे यश अवघे २ टक्के असल्याचे दिल्ली उच्च न्यायालयासमोर आले. पुढे माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरातून, चेहरा ८० टक्क्यांहून अधिक जुळला की दिल्ली पोलीस तो जुळला असे धरतात, हे उघड झाले. अमेरिकेत डेट्रॉइटजवळ जानेवारी २०२० मध्ये अशाच चुकीच्या जुळणीवरून एका निरपराध गृहस्थाला त्याच्या घराच्या अंगणात, बायको-मुलींदेखत बेड्या घालण्यात आल्या. युरोपीय संघाने २०२४ च्या आपल्या कायद्यात सार्वजनिक ठिकाणी पोलिसांनी अशी तत्काळ ओळख पटवण्यावर, मोजके अपवाद सोडून, बंदीच घातली. आपल्याकडे या तंत्रासाठी स्वतंत्र कायदा अजून नाही. कायदाच नसेल, तर पुट्टस्वामी निकालातील पहिल्या अटीचे काय, हे कोणीतरी विचारायला हवे.

सीमाभागातील मराठी माणसाला हे विचारण्याचे खास कारण आहे. दरवर्षी १ नोव्हेंबरला, १९५६ च्या भाषावार रचनेत आपल्यावर झालेल्या अन्यायाच्या निषेधार्थ, काळ्या दिनाची मूक फेरी निघते. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून या फेरीत गेलो आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. जो प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला घेतला आहे, त्याबद्दल शांततेने रस्त्यावर उतरणे हा गुन्हा असू शकत नाही. तरीही फेरीची परवानगी नाकारली जाणे आणि नंतर गुन्हे नोंदवले जाणे नवे नाही. आता फेरीच्या कडेने चित्रीकरण करणारे कर्मचारी उभे असतात आणि डोक्यावर कॅमेरे असतात. बंदोबस्तासाठी चित्रीकरण करण्याला माझा विरोध नाही, दंगा झाला तर तेच चित्र निरपराध माणसाला वाचवील. पण दंगा झाला नाही, फेरी शांततेत संपली, त्यानंतर त्या चेहऱ्यांचे काय होते? ते पुसले जातात की नावांशी जोडून ठेवले जातात? सरकारी शाळेतला शिक्षक, परिवहन मंडळाचा वाहक, नोकरीच्या पडताळणीची वाट पाहणारा तरुण, हे फेरीत येताना हा विचार करतात आणि काही जण त्यामुळे घरी बसतात, हे मी माझ्या नात्यात पाहिले आहे. माझ्या भाच्याने गेल्या वर्षी फेरीच्या सकाळी दुकानाचे शटर अर्धे वर करून ठेवले, रस्त्याकडे पाहत उभा राहिला आणि शेवटी गेला नाही. त्याला कोणी अडवले नव्हते.

हा प्रश्न एका भाषेचा नाही, हेही मला इथे स्पष्ट म्हणायचे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऊसदरासाठी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लापूर क्रॉसवर बसलेल्या शेतकऱ्यांत बहुतेक कन्नड भाषक होते. बेळगावच्या सुवर्णसौधमधील कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनावेळी आपली गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्या अंगणवाडी सेविका, कंत्राटी कर्मचारी आणि शेतकरी राज्याच्या कानाकोपऱ्यातून येतात. त्यांचेही चेहरे त्याच कॅमेऱ्यांत आहेत. शिवाय २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्यांच्या बोटांचे ठसे, छायाचित्रे, बुबुळांचे ठसे घेण्याची आणि ते ७५ वर्षे जपून ठेवण्याची तरतूद केली आहे. खटला न चालता सुटलेल्या किंवा निर्दोष ठरलेल्या माणसाची नोंद नष्ट करण्याची सोय कायद्यात आहे, पण न्यायालयाने किंवा दंडाधिकाऱ्याने लेखी कारण देऊन ती ठेवायला सांगितली, तर ती राहते. आपली नोंद खरोखर नष्ट झाली की नाही, हे साध्या माणसाने कुठे जाऊन आणि कोणत्या भाषेत विचारायचे?

पोलिसांच्या बाजूनेही मला बोलायचे आहे, कारण ज्या हवालदारांनी त्या संध्याकाळी स्टुलावर बसून डोळे दुखेपर्यंत चित्रीकरण पाहिले, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. नियमाने चालण्यात त्यांचेही हित आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला तपासासाठी लागणारे चित्रीकरण लेखी आदेशाने मागवता येते. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असा इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात द्यायचा, तर सोबत प्रमाणपत्र लागते, आणि फाइलमध्ये नंतर कोणी ढवळाढवळ केलेली नाही हे पडताळण्यासाठी तिचे हॅश मूल्य त्यात नोंदवावे लागते. म्हणजे घाईघाईत पडद्याचा मोबाइलने काढलेला व्हिडिओ गल्लोगल्ली फिरून बदनामी करू शकतो, पण चोराला शिक्षा व्हायची तर त्याचा भरवसा धरता येत नाही. लेखी मागणी, नोंद आणि मूळ फाइलची प्रत या गोष्टींनी मुलीचा खासगीपणाही राखला जातो आणि आजींचा खटलाही टिकतो. सुरक्षा हवी की खासगीपणा हवा, असा सवाल आपल्यापुढे वारंवार टाकला जातो. माझ्या गल्ल्यामागच्या त्या लहानशा यंत्रापुरते तरी एकाच शिस्तीतून दोन्ही मिळते, असे मी पाहिले आहे.

कॅमेरा सामान्य माणसाचाही साक्षीदार होऊ शकतो, हे आपण सीमाभागात जाणतो. जुलै २०१४ मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरला ‘महाराष्ट्र राज्य’ असे लिहिलेल्या फलकाच्या प्रश्नावरून झालेला लाठीमार वाहिन्यांवर दिसला नसता, तर तो येळ्ळूरबाहेर किती जणांनी खरा मानला असता? डिसेंबर २०२० मध्ये परमवीरसिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसमोर, दाराशी, आवारात, आवाजासह टिपणारे कॅमेरे बसवण्याचा आणि ते चित्रीकरण १८ महिने, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष, जपण्याचा आदेश दिला. पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, कोठडीतील मृत्यू आणि ठाण्यांत नसलेले वा बंद पडलेले कॅमेरे या बातमीची त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. रस्त्यावरचा कॅमेरा एका तासात दुरुस्त व्हावा अशी अपेक्षा जे प्रशासन माझ्याकडून करते, त्याने ठाण्यातील कॅमेऱ्यालाही तोच नियम लावावा, एवढी मागणी करण्याचा मला अधिकार आहे.

फोन ऐकण्याच्या बाबतीत आपला देश हे शहाणपण थोडेफार शिकला आहे. फोन टॅपिंगच्या आरोपांवरून १९८८ मध्ये रामकृष्ण हेगडे यांना याच राज्याचे मुख्यमंत्रिपद सोडावे लागले होते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, फोन ऐकायचा तर गृह सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश हवा, त्याला मुदत हवी आणि समितीने त्याचा फेरविचार करावा. ती व्यवस्था परिपूर्ण नाही, पण निदान आदेशाचा कागद असतो आणि त्यावर कोणाची तरी सही असते. रस्त्यावरच्या चेहऱ्यासाठी तेवढाही कागद नाही.

आता भाषेचा मुद्दा, ज्यावर आपण सीमाभागातील लोकांनी नेटाने उभे राहायला हवे असे मला मनापासून वाटते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने लागू होण्यास त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. सरकारी यंत्रणांना राष्ट्राच्या सुरक्षेच्या कारणावरून या कायद्यातून वगळण्याची मोकळीक केंद्राने कलम १७ मध्ये स्वतःकडे ठेवली आहे, आणि मला ती फार सैल वाटते. पण याच कायद्याच्या कलम ५ मध्ये एक ओळ आपल्या कामाची आहे. माहिती घेण्यापूर्वी संमतीसाठी जी सूचना द्यायची, ती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला दिला पाहिजे. मराठी आठव्या परिशिष्टात आहे. मराठी परिपत्रकांसाठी आपण इतकी वर्षे निवेदने देत आलो. इथे मराठीचा पर्याय देण्याचे बंधन संसदेच्या कायद्यानेच घातले आहे, मग तो बेळगावच्या माणसाने मागो की बेंगळुरूच्या. खासगी रुग्णालय, पतसंस्था, क्लासेस, कर्ज देणारे मोबाइल ॲप, ज्यांनी आपल्याकडून आधारची झेरॉक्स, अंगठा आणि फोटो घेतला, त्यांना ‘सूचना मराठीत दाखवा’ असे म्हणण्याची सवय आपण आतापासून लावून घेतली पाहिजे. वडगावातील आमची एक विणकर मावशी गेल्या दिवाळीला सांगत होती की, कर्जाच्या कागदावर तिचा अंगठा आणि चेहऱ्याचा फोटो घेतला गेला. कशावर घेतला हे तिला वाचता आले नाही आणि विचारायला लाज वाटली. लाज तिने का बाळगावी?

माझ्या दुकानापुरते मी काय केले, तेही सांगतो, म्हणजे हे पत्र नुसता उपदेश वाटणार नाही. त्या मुलीच्या आईची भेट झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी यंत्राला पासवर्ड घातला, जो मला आणि माझ्या मुलाला सोडून कोणाला माहीत नाही. बाहेरचा कॅमेरा खाली वळवला. आता त्यात दुकानाची पायरी, पदपथ आणि रस्त्याची अलीकडची बाजू दिसते, समोरचे रसाचे दुकान दिसत नाही. जुने चित्रीकरण ठरलेल्या दिवसांनी आपोआप पुसले जाईल असे करून घेतले. दारावर ‘येथे कॅमेरा आहे’ असे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिले. आणि यंत्राशेजारी एक लाल बांधणीची चोपडी ठेवली, आमच्या उधारीच्या चोपडीसारखीच. तीत रकाने आखले आहेत: तारीख, मागणाऱ्याचे नाव, कारण, लेखी पत्र आहे की नाही, कोणती वेळ, किती मिनिटे, प्रत दिली की नाही, सही.

तेव्हापासून त्या वहीत १९ मागण्या नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकी चार पोलिसांच्या होत्या. तीन वेळा त्यांनी लेखी पत्र दिले आणि मी तासाभरात पेनड्राइव्हवर प्रत दिली. एकदा पत्र नव्हते, तेव्हा मी विनंती केली आणि संबंधित अधिकारी सायंकाळी पत्र घेऊन आले, रागावले नाहीत. पाकीट किंवा पिशवी हरवल्याच्या मागण्या सहा होत्या; त्या मी स्वतः पाहिल्या आणि काय दिसले ते तोंडी सांगितले, पडदा कोणाला दाखवला नाही. उरलेल्या नऊंत एक सासरे होते ज्यांना सुनेचे येणे-जाणे पाहायचे होते, एक घरमालक होता, निवडणुकीच्या दिवसांत कोण कोणाच्या कचेरीत गेले हे पाहू इच्छिणारे दोन कार्यकर्ते होते, तिघे वडील होते आणि दोघांनी कारण सांगितलेच नाही. त्या नऊही जणांना मी नकार दिला. दोन गिऱ्हाइके त्यामुळे तुटली. समितीचा प्रस्ताव जसा आहे तसा मंजूर झाला, तर या नऊ जणांना माझ्याकडे यावेच लागणार नाही. अकरांपैकी कोणा एकाच्या घरी चहाला गेले की काम होईल.

म्हणून पुढच्या बैठकीसाठी मी लेखी दुरुस्ती दिली आहे आणि ती इथे जाहीर करतो, म्हणजे इतर बाजारांतील व्यापारी बंधूंनाही तिचा उपयोग व्हावा. कॅमेरे सगळ्यांनी जरूर लावावेत, पण मोबाइलवर थेट चित्र कोणालाही देऊ नये. प्रत्येकाचे यंत्र त्याच्याच दुकानात, पासवर्डखाली राहावे. पोलिसांनी लेखी मागितलेले चित्रीकरण विनाविलंब द्यावे आणि त्याची नोंद वहीत व्हावी. खासगी व्यक्तीला पडदा दाखवू नये, आणि कोणाचेही चित्र व्हॉट्सॲपवर टाकणाऱ्या सभासदाला समितीतून कमी करावे. महापालिका आणि पोलीस आयुक्तालय यांना समितीच्या वतीने एक निवेदन द्यावे. शहरातील सरकारी कॅमेऱ्यांचे चित्रीकरण किती दिवस ठेवले जाते, ते कोण पाहू शकते, चेहरा ओळखणारी प्रणाली त्याला जोडली आहे का आणि शांततेत पार पडलेल्या मोर्चांचे चित्रीकरण कधी पुसले जाते, याची माहिती कन्नड व मराठी अशा दोन्ही भाषांत त्यांनी फलकावर आणि संकेतस्थळावर जाहीर करावी, अशी मागणी त्यात असावी.

बैठक येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आहे. दुरुस्तीला अनुमोदन देणारा अजून मिळालेला नाही. त्या मुलीने यंदा बाहेरून परीक्षेचा अर्ज भरला आहे, असे तिच्या आईने परवा सांगितले. या वेळी ती दुकानात आली आणि थोडा वेळ बसली.

आपला विश्वासू,
एक साडी व्यापारी, शहापूर, बेळगाव
(संबंधित कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती. नाव व पत्ता सोबत स्वतंत्र कागदावर दिला आहे.)